पगारी माणसाचा निरोप

बंगाली माणूस फार भावुक, हे मराठी सुशिक्षितांचे एक आवडते मत आहे. एखादा फुटबॉलपटू दहा-बारा वर्षांनी क्लब सोडून निघतो, त्याला बघायला हजारो माणसे जमतात, म्हातारे गृहस्थ चष्मे काढून डोळे पुसतात, आणि आपल्याकडचा शहाणा माणूस विचारतो, "पगार घेऊनच खेळला ना? मग एवढं काय त्याचं?" मी बांग्लातून मराठीत अनुवाद करते. बंगालचे जे जे आपल्याला कळत नाही, त्याचा जाब अनुवादकाला विचारायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. आजवर हसून टाळत होते. तो प्रश्न शहाणपणाचा नाही, आंधळेपणाचा आहे, असे आता लिहूनच टाकते.

आधी जागा पाहू. एस्प्लनेडला, म्हणजे बोलीतल्या धर्मतल्याला, उतरून बसस्थानकाचा गलका मागे टाकला की मैदान लागते. मोहन बागान (स्थापना १८८९), मोहम्मेडन स्पोर्टिंग (१८९१) आणि ईस्ट बंगाल (१९२०) हे तिन्ही क्लब इथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्या कचेऱ्यांना आजही 'तांबू' म्हणतात, तंबू. जमीन सैन्याची आहे, क्लबांची नाही. शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या संस्था, आणि पत्ता तंबूचा! आपल्या मुंबई-पुण्यात नेमके उलटे झाले. तिथे क्लबामागे कंपन्या होत्या, पैसा होता, नीटनेटकी कार्यालये होती, आणि उभे राहिलेले काहीच टिकले नाही. त्याकडे वळतेच.

मे २०१२. जोसे रामिरेझ बॅरेटो हा ब्राझिलियन मोहन बागानसाठी शेवटचा सामना खेळला, सॉल्ट लेकच्या युवभारती क्रीडांगणावर. १९९९ साली तो या क्लबात आला होता. हिरव्या-मरून जर्सीतल्या या परदेशी माणसाला समर्थक 'सबुज तोता' म्हणत, म्हणजे हिरवा पोपट. (हे नाव मराठीत आणता येत नाही. आपल्याकडे पोपट 'होतो', आणि ज्याचा होतो त्याला कोणी खांद्यावर घेत नाही.) निरोपाच्या त्या सामन्यातही त्याने गोल केला. बंगालने हे सगळे जपून ठेवले आहे. मराठी माणसाने मात्र एक बारकी गोष्ट पाहायला हवी होती, ती म्हणजे समोर कोण होते. समोर पुणे एफसी होता.

हा पुणे एफसी आज कुठे आहे? २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने तो काढला. चांगला खेळला, बालेवाडीत त्याचे सामने होत, थोडा प्रेक्षकही जमू लागला होता, आणि दशक संपायच्या आत तो गुंडाळला गेला. मग पुण्यात एफसी पुणे सिटी आला २०१४ मध्ये, आणि गेला २०१९ मध्ये. मुंबईत महिंद्र युनायटेड होता, साठच्या दशकापासूनचा. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. या बंद पडलेल्या क्लबांना निरोप कोणी दिला? एक पत्रक निघाले, खेळाच्या पानावर बातमी आली. ज्या खेळाडूंनी तिथे उमेदीची वर्षे घातली, त्यांच्यासाठी रडायला कोणी नव्हते, कारण रडायला लागणारी माणसे एका मोसमात तयार होत नाहीत. आपण कोरड्या डोळ्यांनी बसलो ते परिपक्व आहोत म्हणून नव्हे. आपल्याकडे गमावण्यासारखे काही जमूच दिले गेले नाही.

बॅरेटोच्या बाबतीत 'निष्ठा' हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि तो मला खटकतो. मधल्या काळात तो बागान सोडून गेला होता. ज्या मोसमात महिंद्र युनायटेडने लीग जिंकली, त्या मोसमात तो मुंबईत महिंद्रकडूनच खेळत होता. २००६ मध्ये परतला. २०१२ च्या निरोपानंतरही तो थांबला नाही, कोलकात्याच्याच भवानीपूर क्लबकडून खेळला. मग कसली निष्ठा? काटेकोर हिशेब केला तर बसत नाही. पण समर्थक हा हिशेब करत नाहीत. त्यांचा शब्द वेगळा आहे, 'घरेर छेले', घरचा मुलगा. घरचा मुलगा नोकरीसाठी बाहेर जातो, परत येतो, भांडतो, तरी घरचाच असतो. बंगालीत निघताना 'आशि' म्हणतात आणि मराठीत 'येतो'. दोन्हीकडे 'जातो' म्हणणे अशुभ मानतात. एवढे साम्य असताना आपण मात्र निष्ठेचे प्रमाणपत्र मागत बसतो.

निष्ठा हा मालकांच्या सोयीचा शब्द आहे. ती नेहमी खालच्याने वरच्याला द्यायची असते. शैलेन मन्ना १९ वर्षे मोहन बागानसाठी खेळले, १९५१ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार होते, आणि पोटासाठी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरी करत होते. चुनी गोस्वामी आठव्या वर्षी, १९४६ मध्ये, बागानच्या बाल संघात आले आणि १९६८ पर्यंत तिथेच राहिले. मराठी वाचकाला ते कदाचित क्रिकेटमुळे आठवतील, १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उतरलेल्या बंगालचे कर्णधार म्हणून. पी. के. बॅनर्जी तर तीन मोठ्या क्लबांपैकी एकाकडूनही खेळले नाहीत. ते जवळपास सगळी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेचेच राहिले, आणि १९५८ मध्ये रेल्वेने कलकत्ता लीगही जिंकली. त्यांना कोणी 'एकनिष्ठ' म्हणून डोक्यावर घेत नाही. का? तर नोकरी रेल्वेची होती म्हणून. पगारी माणसाच्या चिकाटीला आपण चिकाटी म्हणायला तयार नसतो, ही खोड कोलकात्यालाही आहे हे कबूल करावे लागेल.

त्याही पुढे जाऊन म्हणते, मैदानावरच्या कारभाऱ्यांना हे निरोप फार सोयीचे पडतात. शाल, पुष्पगुच्छ, मानचिन्ह आणि एक भाषण. यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च येत नाही, थकलेले मानधन येत नाही, चाळिशीनंतर काय करायचे याचे उत्तर येत नाही. मोती नंदी यांची 'स्टॉपार' ही कादंबरी अशाच एका उताराला लागलेल्या बचावपटूची आहे. मोठ्या क्लबाने त्याला बाजूला सारले आहे आणि तो एका दुबळ्या क्लबाकडून त्याच मोठ्या क्लबाविरुद्ध उभा राहतो. नंदी स्वतः क्रीडापत्रकार होते, त्यांना तंबूच्या आतली हवा माहीत होती. बंगाली किशोरवाचक ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचतात, आणि तरीही पुष्पगुच्छ देणारे हात तेच राहतात. समर्थकांचे रडणे खरे आहे म्हणून व्यासपीठावरचे रडणेही खरे असते असे नाही.

पण हे रडणारे लोक भोळे आहेत, असेही कोणी समजू नये. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉलची ८० टक्के मालकी एका उद्योगसमूहाकडे गेली आणि क्लबाच्या नावापुढे एटीके ही तीन अक्षरे लागली. ती एका सहा वर्षांच्या फ्रँचायझीची अक्षरे होती, १३१ वर्षांच्या नावाच्या डोक्यावर बसवलेली. त्याआधीही नावापुढे मद्याचा ब्रँड लागला होता, तो लोकांनी कुरकुरत चालवून घेतला, कारण जाहिरात येते आणि जाते. हे वेगळे होते. 'रिमूव्ह एटीके' ही घोषणा भिंतींवर, फलकांवर, स्टेडियममध्ये तीन वर्षे चालू राहिली. संघ जिंकत होता तरी चालू राहिली. मार्च २०२३ मध्ये गोव्यात आयएसएलचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी जाहीर केले की ती अक्षरे जातील. त्यांच्या जागी 'सुपर जायंट' आले, हा भाग हास्यास्पद आहे, पण 'मोहन बागान' पुन्हा पुढे आले. विजयाच्या काळातही मालकाला नाव बदलायला लावणारा प्रेक्षक भावुक असेल, पण दुबळा नाही. आणि ही ताकद येते कुठून? ज्या सवयीने तो बॅरेटोला निरोप द्यायला जमतो, त्याच सवयीतून.

मराठीत अशा माणसांसाठी धड शब्दसुद्धा नाही. 'चाहता' सिनेनटाचा असतो, 'समर्थक' आमदाराचा. बंगालीत 'समर्थक' म्हणजे क्लबाला खांदा देणारा. मी अनुवादात 'समर्थक'च ठेवते, आणि दर वेळी कोणीतरी तो खोडून 'फॅन' करून पाठवते.

मात्र शब्द नसला तरी अशी माणसे आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ, पेठेपेठेचे, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी भरून वाहणारी गर्दी. तिथे खेळाडूने तालीम बदलली तर सगळ्या पेठेत चर्चा होते. मराठी प्रदेशात कोलकात्याच्या मैदानाला शोभेल असे काही असेल तर ते हेच. आणि मुंबई-पुण्याचे आपण ते कधी वाचतो? मारामारी झाली की. दगडफेक निषेधार्हच आहे, पण जिथे काहीतरी पणाला लागलेले असते तिथेच लोक भांडतात, हेही खरे. बालेवाडीत कधी दगडफेक झाली नाही, कारण तिथे कोणाचीच पेठ नव्हती.

२० मार्च २०२० रोजी पी. के. बॅनर्जी गेले, आणि ३० एप्रिलला चुनी गोस्वामी. त्या एप्रिलमध्ये देश बंद होता. ज्या माणसाने २२ वर्षे एकच जर्सी घातली, त्याच्या अंत्ययात्रेला एरवी सगळे मैदान रिकामे झाले असते, ते लोक घरात बसून राहिले. त्यानंतर महिनाभराने, १ जून २०२० रोजी, बागानच्या फुटबॉलचे नवे मालक अधिकृतपणे रुजू झाले.