उशिरा उडालेला सुरुंग

भाईंदरजवळच्या राई-मुर्ध्याहून उत्तनकडे जाणारा रस्ता पुढे चौकला पोचतो. तिथे वसईच्या खाडीच्या तोंडावर धारावीचा किल्ला आहे. हा किल्ला ज्याच्या हाती, त्याला खाडीत शिरणाऱ्या होड्या रोखता येत. म्हणूनच पोर्तुगीजांकडून वसई घेताना मराठ्यांना आधी हा काठ ताब्यात घ्यावा लागला. आपल्याकडे वसईची मोहीम म्हटली की दोनच गोष्टी निघतात, चिमाजी अप्पांचा निर्धार आणि चर्चच्या घंटा. एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली, एक भीमाशंकरला गेली, हे शाळकरी मुलंही सांगतात. तट नेमका पडला कसा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो सुरुंगांनी पडला. आणि त्यातल्या एका सुरुंगाने मराठ्यांचीच माणसं मारली. घंटांपेक्षा हा तपशील आज जास्त उपयोगाचा आहे.

वसईच्या कोटाला तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल होती. फौजेला तटाला भिडता येईल अशी जमीन फक्त उत्तरेला. फेब्रुवारी १७३९ पासून मराठ्यांचे मोर्चे तिथूनच इंचाइंचाने पुढे सरकले आणि सेबास्तियन बुरुजाच्या पोटात भुयारं गेली. काम सांगायला सोपं वाटतं: भुयार खणायचं, टोकाला दारू ठासायची, मागचं तोंड दगडमातीने गच्च बुजवायचं, नाहीतर स्फोटाचा जोर उलटा बाहेर येतो, मग बत्ती द्यायची. प्रत्यक्षात सगळा भरवसा त्या बत्तीवर. ती किती वेळात जळेल, ओल धरली आहे का, मध्येच विझली की नुसती धुमसते आहे, हे बाहेर उभ्या असलेल्याला कळत नाही. मे महिन्यातल्या अखेरच्या एल्गारात हेच घडलं. काही सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलं, लोक आत घुसले, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्या गर्दीत उडाला. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात यात शेकडो माणसं गेल्याचं येतं. वेढ्यातलं मराठ्यांचं एकूण नुकसान तो मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर सांगतो, पोर्तुगीजांचं आठशे. गोव्याच्या बाजूला मराठ्यांची दुसरी फौज लढत असल्याने वसईला तिकडून पुरेशी मदत येऊ शकली नाही, हे खरं आहे आणि विजयाच्या हिशोबात ते धरलंच पाहिजे. तरी शरणागतीची वेळ आली ती बुरुज ढासळल्यावर.

यातून माझा मुद्दा एवढाच निघतो: सुरुंगाचा खरा धोका त्याच्या ताकदीइतकाच त्याच्या वेळेत असतो, आणि ती वेळ पेरणाऱ्याच्या हातात फार थोडी राहते. वसईत ती काही क्षणांनी हुकली. आजच्या भूसुरुंगात बत्तीच नसते. पाऊल पडेल किंवा चाक येईल तेव्हा तो उडतो, मग लढाई संपून किती वर्षं झाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ या सैन्याच्या जमवाजमवीत पश्चिम सीमेवर पंजाब, राजस्थान आणि जम्मूकडच्या शेतांतून मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही. तरीही पेरताना आणि काढताना जवान गेले, शेतकरी गेले, गुरं गेली, आणि जमिनी मोकळ्या व्हायला फौज परत फिरल्यानंतरही बराच काळ लागला.

हा प्रश्न सीमेपुरता आहे असं समजू नये. ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. गेलेल्यांत अधिकारी होते आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी सर्वांत जास्त होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होतं, हे कारण त्यानंतर पुढे आलं. म्हणजे हे सुरुंग जमिनीत गेलेलेही नव्हते. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक गेला. तिथे पेरणारे वेगळे आणि हेतूही वेगळा, त्यामुळे सैन्याचे आणि नक्षलवाद्यांचे सुरुंग एकाच पारड्यात घालता येणार नाहीत. पण सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीला आणि बैलगाडीला दोन्हीकडची भीती सारखीच.

मग भारताने भूसुरुंगच सोडून द्यावेत का? माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारावर आपली सही नाही, आणि आज कुणी ती मागितली तर उत्तर तयार आहे: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या करारात सामील झालेल्या देशांनीच २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. लांबलचक सीमेवर माणसं कमी पडतात तिथे सुरुंग शत्रूला थोपवतो. सही करा असा उपदेश मुंबईच्या उपनगरात बसून करणं सोपं आहे. दुसरा आक्षेप तंत्राचा. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत नव्या पिढीचे सुरुंग तयार झाले, त्यातले ‘निपुण’ २०२२ मध्ये सैन्याला मिळाले. ठरावीक मुदतीनंतर आपोआप निकामी होणारे सुरुंगही आता बनतात, मग चिंता कशाला? चिंता अशी की घड्याळावर चालणारी यंत्रणा सगळ्याच सुरुंगांत नसते, जिथे असते तिथे ती शंभरातल्या शंभर वेळा चालेल याची हमी नसते, आणि निकामी झाला तरी आतलं स्फोटक नाहीसं होत नाही. ते कुणालातरी उकरून काढावंच लागतं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारख्या तुकड्यांचे जवान हे काम करतात.

सही न करताही एक गोष्ट करता येते, आणि तिला आपण आधीच बांधलेले आहोत. भारताने १९९९ मध्ये पारंपरिक शस्त्रांविषयीच्या करारातला सुरुंगांविषयीचा सुधारित प्रोटोकॉल स्वीकारला. त्यानुसार पेरलेल्या क्षेत्रांची नोंद ठेवायची, कुंपण आणि खुणा लावायच्या, लढाई थांबली की सुरुंग काढायचे. नोंदी असणारच; त्या लोकांपर्यंत येत नाहीत, एवढंच. नकाशा जाहीर करा असं कुणी म्हणत नाही, तो शत्रूच्या हाती जाईल. पण काढून झालेल्या क्षेत्रात किती पेरले, किती निघाले, किती सापडले नाहीत, किती जवान आणि शेतकरी जायबंदी झाले, कुणाला किती भरपाई मिळाली, या आकड्यांत गुपित ते काय? ‘निघाले’ आणि ‘पेरले’ यांतला फरक हाच शेतकऱ्याच्या पायाखालचा धोका आहे. तोच झाकून ठेवला तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन ही गावं ठाणे लोकसभा मतदारसंघात येतात. संरक्षण मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारायचा अधिकार प्रत्येक खासदाराला आहे. ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये पेरलेल्या सुरुंगांचा आणि पुलगावच्या भांडारातल्या जुन्या सुरुंगांचा हिशोब आपल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात मागावा. आणि चौकला यापुढे माहितीफलक लावायचा झाला, तर त्यावर उशिरा उडालेल्या सुरुंगाची आणि त्यात गेलेल्या माणसांची एक ओळ मीरा-भाईंदर महापालिकेने जरूर घालावी.