दोष यंत्राचा, सूचना ग्राहकाला

एखाद्या वस्तूत दोष आढळला की त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाही आहे. उत्पादकाने दुरुस्ती केली, तर ती किंमत त्याच्या ताळेबंदात उतरते. त्याने केवळ सावधगिरीची सूचना देऊन हात झटकले, तर ती नाहीशी होत नाही. अपघाताच्या रूपाने ग्राहकाच्या आणि वाटेवरच्या माणसाच्या माथी बसते. अमेरिकेतील फोर्ड मोटारींच्या स्वयंचलित गिअरचे प्रकरण या दृष्टीने आजही अभ्यासण्याजोगे आहे.

अशा गाडीत गिअरचा दांडा ‘पार्क’ या स्थानी नेला की आतील एक खटका दंतचक्रात अडकतो व गाडी जागची हलत नाही. त्याच्या शेजारचेच स्थान ‘रिव्हर्स’चे. १९६६ पासून १९७९ पर्यंतच्या फोर्डच्या गाड्यांविषयी तक्रार अशी होती की, दांडा या दोहोंच्या मध्येच अडखळतो. चालकाला मात्र तो ‘पार्क’मध्ये बसला असे वाटते. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला, की कंपनाने किंवा दार आपटल्याच्या धक्क्याने दांडा सरकतो आणि गाडी मागे धावू लागते.

तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जून १९८० मध्ये हा सुरक्षाविषयक दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला. तोवर त्याच्याकडे सुमारे २३ हजार तक्रारी आल्या होत्या; त्यांत ६ हजार अपघात, १,७१० जखमी आणि ९८ मृत्यू यांचा उल्लेख होता. कंपनीचे म्हणणे असे की, दोष गाडीचा नसून चालकाच्या निष्काळजीपणाचा आहे.

ही वेळ अमेरिकी मोटारउद्योगाच्या हलाखीची होती. क्रायस्लरला सरकारी कर्जहमीवर तगवावे लागले होते आणि १९८० या एका वर्षात फोर्डला दीड अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. अखेर कार्टर सरकारची मुदत संपत आली असता, ३० डिसेंबर १९८० रोजी तडजोड झाली. गाड्या परत बोलावण्याऐवजी फोर्डने सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना एक चिकटपट्टी पाठवायची होती. गाडी सोडण्यापूर्वी दांडा नीट ‘पार्क’मध्ये न्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, असा तिचा आशय होता.

सूचना अगदीच निरुपयोगी असते, असे कोणी म्हणणार नाही. धोका टाळणे वापरणाऱ्याच्या हाती असेल, तर सूचना हा स्वस्त उपाय ठरतो. परंतु गाडीमागून जाणाऱ्या मुलाने ती चिकटपट्टी वाचलेली नसते. गाडी हस्ते परहस्ते विकली जाते, पट्टी मूळ मालकाच्या खणातच राहते. खर्चात झालेली ही काटकसर खरी काटकसर नव्हे. तो खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे होय.

याउलट २०१६ मधील उदाहरण पाहा. गिअर बदलल्यावर दांडा पुन्हा मध्यभागी येत असल्यामुळे चालकांची फसगत होते, असे दिसून आल्यावर फियाट क्रायस्लरने जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. चालकाने दार उघडताच गाडी आपोआप ‘पार्क’मध्ये जावी, अशी दुरुस्ती ठरली. म्हणजे माणूस विसरणार, हे यंत्राने गृहीत धरले. मात्र एप्रिलमधील घोषणेनंतर प्रत्यक्ष दुरुस्ती होण्यापूर्वीच, जूनमध्ये, आन्तोन येल्चिन हा तरुण अभिनेता स्वतःच्याच अशा गाडीने चिरडला जाऊन मरण पावला. योग्य उपायही वेळेवर झाला तरच उपाय.

हा प्रश्न आता आपल्यालाही परका राहिलेला नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर, निराळ्या तंत्राने का होईना, क्लच न दाबता चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गाड्या परत बोलावणे मात्र आपल्याकडे दीर्घकाळ उत्पादकाच्या इच्छेवर होते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले व १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम अमलात आले. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. पण तक्रार नोंदलीच गेली नाही, तर हे कलम कागदावरच राहील. यासाठी ग्राहकाने गॅरेजमधील तोंडी आश्वासनावर समाधान न मानता लेखी तक्रार केली पाहिजे. आणि सरकारने किती गाड्या परत बोलावल्या याबरोबरच किती दुरुस्त झाल्या, याचाही हिशेब मागितला पाहिजे.