रात्रीची दुर्बीण : नेमासाठी नव्हे, राखणीसाठी

पुणे, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आता नित्याचा झाला आहे. उसाच्या दाट फडात त्यास आडोसा मिळतो आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या व वासरे यांवर त्याची गुजराण होते. त्यामुळे अंधारात दिसणारी दुर्बीण कोणती घ्यावी, असा प्रश्न पशुपालक बंधू वारंवार विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. शेळी हे गरिबाचे धन होय. एका रात्रीत ते गेले तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. तथापि साधन निवडण्यापूर्वी त्याचा हेतू निश्चित करणे अगत्याचे आहे.

बाजारात मिळणारे पुष्कळसे ‘नाइट व्हिजन स्कोप’ बंदुकीवर बसविण्यासाठी, म्हणजे शिकारीसाठी बनविलेले असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये बिबट्या पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस किमान ३ वर्षे कैदेची शिक्षा आहे. माणसाचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य कलम ११ नुसार गुन्हा ठरत नाही. परंतु ही सवलत जनावरांच्या रक्षणास लागू नाही. शिवाय आपल्या शिवारात रात्री वीज आली की शेतकरी पाणी देण्यास जातो. वाकून दारे धरणारा माणूस आणि दबा धरलेले जनावर यांतील फरक अंधुक चित्रात सहज कळत नाही. म्हणून बंदुकीचा स्कोप कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घ्यावयाचीच असेल तर केवळ पाहण्याची, हातात धरावयाची दुर्बीण घ्यावी.

अशा दुर्बिणींचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला इन्फ्रारेड दिव्याचा. डोळ्यांस न दिसणारा प्रकाश टाकून परतलेल्या उजेडाचे चित्र ही दुर्बीण दाखविते. ती स्वस्त असते व चित्रात ओळख चांगली पटते. परंतु धुक्यात, धुळीत किंवा समोर गवत असता तो प्रकाश तेथूनच परततो व पलीकडचे काही दिसत नाही. दुसरा प्रकार उष्णतादर्शक, म्हणजे थर्मल. अंगातील उष्णतेवरून प्राणी दाखविणारी ही दुर्बीण मिट्ट काळोखातही उपयोगी पडते. पण ती बरीच महाग असते. उन्हाळ्यात तापलेले दगड व जमीन यांमुळे तिचे चित्र फिके पडते, आणि दाट उसाच्या आतील प्राणी तिलाही दिसत नाही. काचेच्या खिडकीतून तर ती मुळीच चालत नाही.

विक्रेता जे अंतर सांगतो ते बहुधा ‘काहीतरी आहे’ एवढे कळण्याचे असते. ते कुत्रे की बिबट्या हे ओळखण्याचे अंतर त्याहून पुष्कळच कमी असते. यास्तव रात्री प्रत्यक्ष पाहिल्याविना खरेदी करू नये. राखणीसाठी फार मोठे करून दाखविणारी भिंग उपयोगाची नाही. तीत शिवाराचा थोडाच भाग दिसतो. बॅटरी रात्रभर पुरते काय व पावसाचे पाणी आत जाते काय, हेही तपासावे.

परंतु दुर्बीण बिबट्यास अडवीत नाही, गोठा अडवितो. हाती मोजकाच पैसा असेल तर तो प्रथम गोठ्यावर खर्च करावा. पंजा आत जाणार नाही अशी बारीक व मजबूत जाळी, वरून पूर्ण बंद छत आणि बाहेरून घट्ट बसणारी कडी, एवढे तरी असावेच. छत उघडे ठेवून भिंत उंच केल्याने काही साधत नाही, कारण बिबट्या उत्तम चढतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अकोले भागातील अभ्यासात कुत्रा हे बिबट्याचे प्रमुख भक्ष्य आढळले. तेव्हा राखणीचे कुत्रेही रात्री उघड्यावर बांधू नये.

ज्यांचा संसारच पाठीवर आहे त्या मेंढपाळ बांधवांना पक्का गोठा कोठून मिळणार? उघड्या वाघरीत मेंढ्या व शेजारी लेकरे घेऊन ते रात्र काढतात. दुर्बिणीची खरी गरज त्यांनाच आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकेकट्याच्या खरेदीस उत्तेजन देण्याऐवजी वस्तीने वर्गणीतून एक चांगली दुर्बीण घ्यावी, पाळीपाळीने राखण करावी आणि वाड्यास आलेल्या मेंढपाळांनाही त्या राखणीत सामील करून घ्यावे, असा आग्रह धरावा. बिबट्या दिसताच त्याच्या मागे न लागता सर्वांस सावध करून वन विभागास कळवावे. जनावर दगावलेच तर मृतदेह न हलविता पंचनामा करवून घ्यावा, म्हणजे नुकसानभरपाईचा हक्क बुडणार नाही.