सातारा ते सांगली विमानाने ८ मिनिटांत? हा आकडा येतो कुठून?

सातारा ते सांगली अंतर सर्च केलं, की काही वेबसाइट रस्त्याच्या किलोमीटरसोबत विमानाचा वेळही सांगतात. गंमत म्हणजे साताऱ्याला विमानतळच नाही आणि सांगलीतूनही प्रवासी विमान उडत नाही. मग हा वेळ मोजला कुणी?

कुणीच नाही. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, त्यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर काढायचं (इथे सुमारे ११० किमी) आणि त्याला जेट विमानाच्या वेगाने भागायचं. ताशी ८०० किमी धरले तर उत्तर येतं साधारण ८ मिनिटं. ही सरळ रेषा कडेगावच्या आसपासून जाते. रस्ता मात्र कराड, पेठ नाका, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), आष्टा असा जातो आणि सव्वाशे किमीच्या घरात पोहोचतो.

उद्या दोन्हीकडे विमानतळ झाले तरी ८ मिनिटांत कुणी पोहोचणार नाही. जेट विमानाला पूर्ण उंची आणि वेग गाठायलाच १५-२० मिनिटं लागतात. म्हणजे वेग यायच्या आधीच सांगली मागे पडेल! शिवाय 'उडान' योजनेच्या मूळ नियमांत साधारण २०० ते ८०० किमीचेच मार्ग बसत होते. सूट होती ती डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटांसाठी.

तरीही विमानानेच जायचं ठरवलं तर? साताऱ्याहून पुण्याचं लोहगाव विमानतळ सुमारे १२० किमी, तेही सांगलीच्या उलट दिशेला. तिथून कोल्हापूरचं विमान मिळालं असं धरलं, तरी उजळाईवाडीहून सांगलीसाठी पुन्हा ५० किमीच्या आसपास गाडी. म्हणजे विमान पकडण्यासाठी रस्त्यावरच १७० किमी. त्यापेक्षा थेट एसटी परवडली.

धावपट्ट्या मात्र दोन्ही जिल्ह्यांत आहेत. कराडची कोयना धरणाच्या काळातली. तिच्या विस्तारासाठी जमीन द्यायला वारुंजी, केसे, मुंढे भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी निवडणुकीगणिक ऐकू येते. पण ही मागणी मुंबई-दिल्लीला जाण्यासाठी आहे, साताऱ्याला नाही.

सातारा-सांगली प्रवासाचा खरा वेळ ठरतो तो जमिनीवर. पुणे-बंगळूरु महामार्गाच्या शेंद्रे ते कागल टप्प्याच्या सहापदरीकरणाने प्रवाशांचा चांगलाच अंत पाहिला. कराडचा कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला आणि तिथली कोंडी रोजची झाली. पेठ-सांगली हा सुमारे ४० किमीचा रस्ता तर खड्ड्यांमुळे कितीतरी वर्षं बदनाम होता. चौपदरी काँक्रीटचं काम हाती घेतल्यावर त्याचं नशीब पालटायला लागलं.

रेल्वेने कोयना, महालक्ष्मी आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस दोन्ही स्टेशनांवर थांबतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी आणि कोल्हापूर-पुणे या वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. दोन्हींना सातारा आणि सांगली हे थांबे मिळाले, पण गाड्या आठवड्यातून तीन-तीनच दिवस. शिवाय सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. पोवई नाक्यावरून तिथे पोहोचेपर्यंतच वेबसाइटवरची ती ८ मिनिटं संपलेली असतात.