कोऱ्या वर्षांचें काय लिहावें?

गेल्या महिन्यांत धुळ्याहून एका भगिनीचें पत्र आलें. त्यांचे धाकटे दीर एकतीस वर्षांचे. विज्ञानाची पदवी घेऊन सहा वर्षें त्यांनीं राज्यसेवेच्या परीक्षा दिल्या. एकदां पूर्वपरीक्षा पार पडली, मुख्य परीक्षेंत अडले. आतां जळगांवच्या एका कारखान्यांत भांडारावरील कामासाठीं अर्ज करावयाचा आहे. पण अर्जांतील तीं सहा वर्षें कोरीं दिसतात. थोरले दीर म्हणतात, "कोठला तरी नोकरीचा दाखला मिळवूं." सासूबाई म्हणतात, "आणखी एक वर्ष बसूं दे." आणि ज्यांच्याविषयीं हें चाललें आहे, ते अलीकडे पंक्तीला बसण्याचेंच टाळतात.

थोरल्या दिरांस प्रथम सांगावेंसें वाटतें कीं, खोटा दाखला घेऊं नये. नीतीचा प्रश्न तर आहेच. पण ज्या नोकरीस भविष्यनिर्वाह निधि लागू असतो, तिची नोंद त्या निधीच्या खात्यांत राहते, आणि नसलेली नोकरी तेथें सहज उघडी पडते. मग सहा वर्षांच्या अपयशास कायमचा अविश्वास जोडला जातो.

दुसरें असें कीं, तीं वर्षें खरोखर कोरीं आहेत काय? त्याच पत्रांत भगिनी सहज लिहून जातात कीं, भाऊजी शेजारच्या मुलांना गणित शिकवितात आणि हंगामांत मामांच्या धान्याच्या दुकानाचे हिशेब पाहतात. घरांतल्या माणसाचें काम आपणांस काम वाटत नाहीं, हीच आपली चूक! अर्जांत स्पष्ट लिहावें: "सहा वर्षें राज्यसेवेच्या परीक्षांचा अभ्यास, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण. याच काळांत दहावीच्या मुलांस गणित शिकविलें. धान्याच्या दुकानांतील आवक-जावक व शिल्लक यांचे हिशेब ठेविले." मुलें किती, हंगाम किती, माल किती क्विंटल, हे आंकडे खरे असतील तेवढे द्यावे. "मी कष्टाळू व प्रामाणिक आहें" या वाक्यापेक्षां एक खरा आंकडा अधिक बोलतो. भांडार सांभाळणाऱ्यास शिल्लक जुळविणारा माणूस हवा असतो. तो येथें आयता आहे.

अर्जासोबतचें परिचयपत्र एका पानाचें असावें. आपल्याकडे तें पुष्कळदां विवाहाच्या टिपणासारखें होतें. वडिलांचा हुद्दा, उंची, जन्मवेळ, गोत्र तेवढें राहतें! यांपैकीं कांहींहि नको. वर नांव, दूरध्वनि व ई-मेलचा पत्ता, मग केलेलें काम, सर्वांत अलीकडचें आधीं, शेवटीं शिक्षण. एकच कागद दहा ठिकाणीं धाडूं नये. डाळमिलला जाणाऱ्या अर्जांत हिशेब वर यावा, शाळेला जाणाऱ्या अर्जांत शिकविणें. आणि नोकरी देण्यासाठीं जो पैसे मागतो, त्याच्या दारीं पुन्हा जाऊं नये.

मार्ग बदलला म्हणजे मागचें सारें वाया गेलें, ही समजूत खानदेशानें तरी धरूं नये. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले. पण मुलांसाठीं 'विद्यार्थी' मासिक चालविणारी त्यांची लेखणी सुटली नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, तीं गुरुजींनींच उतरून घेतलीं. दुसरें उदाहरण वाकोदच्या भवरलाल जैन यांचें. कायद्याची पदवी झालेली, सरकारी अधिकाऱ्याची जागा चालून आलेली. ती न स्वीकारतां १९६३ सालीं त्यांनीं सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगांवांत रॉकेल विकण्यास आरंभ केला. पुढें शेतीस लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार, प्लास्टिकच्या नळ्या, मग ठिबक सिंचन. धंदे बदलले, पण शेतकऱ्याशीं जडलेली ओळख प्रत्येक पायरीवर उपयोगी पडली. आपल्या मागच्या कामांतला असा धागा शोधून तो अर्जांत दाखविणें, हेंच मार्ग बदलण्याचें मर्म होय.

ज्यांची एक नोकरी चालू आहे आणि दुसरी धरावयाची आहे, त्यांनीं तीन गोष्टी संभाळाव्या. नव्या जागेचें नेमणूकपत्र हातीं आल्यावांचून राजीनामा देऊं नये. निघतांना कार्यमुक्तीचें पत्र व अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. आणि भविष्यनिर्वाह निधि काढून न घेतां नव्या नोकरींत वर्ग करावा. पांच वर्षें सलग सेवा होण्यापूर्वीं तो काढल्यास सामान्यतः त्यावर प्राप्तिकर लागतो, वर्ग केल्यास मागची सेवा धरली जाते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. आणखी एक वर्ष बसावें कीं नाहीं, हें त्यांनीं वा थोरल्यांनीं न ठरवितां ज्यांचें वर्ष आहे त्यांना विचारावें, आणि जें उत्तर येईल तें ऐकून घ्यावें. अर्ज मात्र आजच लिहावयास घ्यावा, आणि तो घरांत सर्वांसमक्ष वाचावा. सहा वर्षांत या मुलानें काय काय केलें, हें त्या निमित्तानें घरालाहि प्रथमच कळेल. आणि मग भगिनींना पंक्तींत एक पान अधिक मांडावें लागेल, अशी आम्हांस आशा आहे.