घरच्या बोलीची आकाशवाणी

'पॉडकास्ट' हा शब्द आमच्या पिढीच्या कानांस अद्याप परकाच वाटतो. ज्या घरांत नातवंडे जवळ नाहीत, तेथील वाचकांसाठी त्याचा उलगडा प्रथम केलेला बरा. कोणी एकाने घरी बसून, मनास येईल त्या विषयावर, वाटेल तितका वेळ बोलावे. ते बोलणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवून द्यावे. आणि ज्याला ऐकावयाचे असेल त्याने ते आपल्या सवडीने, बसमध्ये, शेताच्या बांधावर अथवा भांडी घासता घासता ऐकावे, असा हा प्रकार आहे. २००४ साली 'गार्डियन' या इंग्रजी वृत्तपत्रातील एका लेखात हा शब्द अवतरला. खिशात मावणाऱ्या 'आयपॉड' नावाच्या गाण्याच्या यंत्रावरून तो बनविला होता. ते यंत्र २०२२ पासून निघेनासे झाले. शब्द मात्र टिकला. बाप गेला आणि मुलगा कर्ता झाला, असे शब्दांच्या घराण्यातही घडते.

शब्द नवा असला तरी हौस जुनीच. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून एक छोटेसे नभोवाणी केंद्र चालू केले. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. 'आकाशवाणी' हे नाव त्या घरगुती केंद्राचे! पुढे म्हैसूर संस्थानाने ते केंद्र चालविण्यास घेतले आणि स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते नाव धारण केले. जे नाव कानी पडताच आज सरकारी इमारत आणि तिच्यावरचा उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो, ते मुळात एका हौशी प्राध्यापकाच्या घरातून निघालेले आहे.

आमचे बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे (गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले ते २०१४ साली) त्या वेळी म्हैसूरच्या नव्हे, निजामाच्या राज्यात होते. तेथेही त्याच १९३५ साली दख्खन रेडिओ सुरू झाला. त्याचा कारभार मुख्यतः उर्दूतून चाले. शाळांची नावेसुद्धा तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी. घरात मराठी, पेठेत कानडी आणि दखनी, कचेरीत उर्दू, असा आमच्या वाडवडिलांचा दिवस चार भाषांतून मावळत असे. १९६६ साली गुलबर्ग्यास आकाशवाणीचे केंद्र झाले, ते स्वाभाविकच कानडीचे. मराठी ऐकावयाची तर आमची माणसे रात्री रेडिओचा काटा फिरवीत बसत. टपाल कचेरीत जाऊन रेडिओच्या परवान्याचे पैसे दरवर्षी भरावयाचे आणि मग ती खरखर ऐकावयाची! लहर लागली तर मुंबई केंद्रावरील 'प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरी येत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी ही त्यांची खरी नावे पुष्कळांना ठाऊकही नव्हती, इतकी ती मंडळी घरचीच होऊन गेली होती. पण ती घरची माणसे बोलत ती मराठी आमच्या घरची नव्हती. 'काय करूलालास?' असे त्या रेडिओतून कोणी कधी विचारले नाही, आणि 'येऊलालो, येऊलालो' असे कोणी उत्तर दिले नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूस, आणि सीमेपलीकडे उदगीर-निलंग्याकडेही, घरोघर असेच बोलतात.

आमच्या मुलखाची बोली जाहीर सभेत उभी राहू शकते, हे पहिल्याने दाखविले ते दखनीने. बीदर जिल्ह्यातील चिटगुप्प्याचे सुलेमान खतीब हे गुलबर्ग्याच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करीत आणि मुशायऱ्यांतून दखनीत विनोदी कविता म्हणत. लखनौ-दिल्लीची नागर उर्दू त्यांना येत नव्हती अशातला भाग नाही. पण सासू-सुनेचे भांडण लिहावयाचे तर चुलीपुढची भाषा हवी, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या दखनीत आमचे मराठी शब्द आहेत, कानडी आहेत, तेलुगूही आहेत. 'केवडे का बन' हा त्यांचा संग्रह. १९७८ साली ते वारले. त्यांच्या कवितांच्या ध्वनिफिती मात्र आमच्या गावांतील लग्नघरांत नंतर कित्येक वर्षे वाजत होत्या आणि त्या ऐकून हसणाऱ्यांत मराठी घरे काही कमी नव्हती.

इतके सारे आज सांगण्याचे कारण आमचा एक माजी विद्यार्थी. कलबुर्गीस एका डाळ मिलमध्ये तो हिशेब लिहितो, रविवारी भालकी तालुक्यातील आपल्या गावी येतो आणि रात्री आजीच्या खोलीत पॉडकास्ट करतो. खोली आजीचीच का, तर तेथे गोधड्यांची थप्पी आहे आणि गोधड्या आवाजाचा घुमारा शोषून घेतात. साधन म्हणजे एक मोबाइल फोन व कॉलरला लावावयाचा एक मायक्रोफोन. याखेरीज त्याला आणखी दोन नाद आहेत. बंद पडलेले जुने रेडिओ उघडून तो ते बोलते करतो. आणि गावातील जुन्या कॅसेटी गोळा करून त्यांतील आवाज संगणकावर उतरवितो. बुरशी धरलेली फीत कापसाने पुसून, आटे फिरविताना तुटलीच तर चिकटवून, तो ज्या निगुतीने हे काम करतो, ती निगुती दहावीच्या वर्षी त्याच्या वहीत आम्हांस दिसली नव्हती.

त्याचा विनोद कसा, हे सांगावयास हवे. एका भागात त्याने 'घरातील बातम्या' दिल्या. आकाशवाणीच्या गंभीर स्वरात त्याने जाहीर केले की आजीच्या गुडघ्यांनी येत्या चोवीस तासांत पावसाचा इशारा दिला असून, आजोबांनी त्यावर नेहमीप्रमाणे अविश्वास व्यक्त केला आहे. दुसरा भाग 'शोले'वर. १९७५ सालच्या त्या चित्रपटातील रामगड हे बंगळूरजवळच्या रामनगरास उभारले होते. तेव्हा गब्बरसिंग हा कर्नाटकाचा रहिवासी ठरतो आणि त्याला कानडी यावयासच हवी, असा त्याचा सिद्धान्त. तो औराद तालुक्यातील असता तर पोलिसांशी कानडीत, साथीदारांशी दखनीत आणि आईशी मराठीत बोलला असता, हे त्याने तिन्ही बोलींत करून दाखविले. राजकुमार यांचे कानडी चित्रपट आणि दादा कोंडके यांचे मराठी चित्रपट आमच्या तालुक्याच्या गावी एकाच पडद्यावर आलटून पालटून लागत. तेच प्रेक्षक दोन्हींना शिट्ट्या वाजवीत. हे पोर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मले, पण त्या प्रेक्षकाचा कान त्याला मिळालेला आहे.

आता अडचण ऐका. आरंभीच्या भागांत हा मुलगा शहरी, बेतीव मराठीत बोले. ध्वनिमुद्रण थांबले की आजीशी जे बोले, तेच खरे गमतीचे असे. कोणी मित्राने ते चोरून मुद्रित केले आणि ऐकविले; तेव्हापासून त्याने घरची बोली धरली आणि त्याचे श्रोते वाढले. मग पुण्याहून एका गृहस्थांनी त्याला कळविले की मनोरंजन उत्तम आहे, ही बोली विनोदाला फार शोभते. याला फार आनंद झाला. आम्हांस झाला नाही.

विनोदाला शोभते, याचा अर्थ इतर कशाला शोभत नाही असाही होतो. नाटक-चित्रपटांत गड्याने, मोलकरणीने, फार तर हवालदाराने बोलीत बोलावे आणि नायकाने व डॉक्टरने पुस्तकी मराठीत, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बोलीतून केवळ हसविणारा मनुष्य हा रिवाज मोडीत नाही, पक्का करतो. या हशाने माणसे आपली बोली सोडतात. कारण मुलीला पाहावयास पाहुणे आले असता, बँकेत कर्ज मागताना, अथवा डॉक्टरांना दुखणे सांगताना, ज्या भाषेला लोक हसतात ती भाषा कोण वापरील? मराठवाड्याच्या बोलीला रंगमंचावर मान मिळवून देणारे लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवावे. औरंगाबादेस विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारा हा मनुष्य एकटा बावन्न पात्रे उभी करी. लोक पोट धरून हसत. पण त्या वऱ्हाडातील माणसांना मन होते, मानपान होता, पोरीच्या लग्नाची काळजी होती. बोली ही तेथे त्यांची साधी बोलण्याची भाषा होती. हसू प्रसंगाचे होते, उच्चारांचे नव्हते.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सुचविले की एक भाग असा कर, ज्यात हसविण्याचा प्रयत्नच नाही. त्याने आजीलाच मायक्रोफोनपुढे बसविले.

आजीचे माहेर उदगीरकडचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आजीचे लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाले होते. "म्या तर जाग्यावरून हालले न्हाई," ती म्हणते, "राज्यच हाललं." पुढे ती सांगते, ते मात्र हसण्याजोगे नाही. धाकट्या भावाने मराठीत लिहिलेले पत्र दिराच्या पोरांना वाचता येईना, कारण पोरे कानडी शाळेत जाऊ लागली होती. आणि तिला स्वतःला कोणतीच लिपी येत नव्हती. भाऊ आजारी असल्याचे पत्र दोन दिवस फडताळात तसेच पडून राहिले. मग दुकानदाराने वाचून दाखविले. ती पोहोचली तेव्हा सारे आटोपले होते. एवढे सांगून ती थांबते, ओचा सारखा केल्याचा बारीकसा आवाज येतो, आणि ती नातवाला विचारते, "आता बंद करूलालास का?"

त्या अठरा मिनिटांत बोली एकदाही विनोदी वाटत नाही. आळंदच्या एका शिक्षकांनी ते ध्वनिमुद्रण आपल्या वर्गात ऐकविले. ज्या मुलांना घरचे बोलणे शाळेत तोंडातून निसटले की ओशाळे वाटते, ती सारी मुले गप्प बसून ऐकत होती, असे त्यांनी आम्हांस सांगितले.

इंदूर, बडोदे, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या वाचकांनी आपापल्या घरांत कान देऊन पाहावे. तुमची मराठी पुण्याची नाही, ती तुमच्या गावची आहे, आणि ती बोलणारी सर्वांत जुनी व्यक्ती बहुधा आतल्या खोलीत आहे. यंत्र फार लागत नाही. पंखा बंद करावा, फोन उशाशी न ठेवता गोधडीवर ठेवावा आणि 'जुन्या काळाबद्दल सांगा' असे मोघम विचारू नये. 'बाजारास कशात बसून जात होतात?' असे विचारावे, म्हणजे बैल, बैलाचे नाव, गाडीच्या एकेका भागाचे नाव असे सारे आपोआप येते. मध्येच शुद्ध करून सांगू नये. हा मोह शिक्षकांच्या घरांत विशेष असतो.

आमच्या विद्यार्थ्याचा पुढील भाग येळवसेचा आहे. मार्गशीर्षातील ही अमावास्या आमच्याकडे शेतात साजरी होते. कानडी लोक तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. त्याचेच आम्ही येळवस केले, आणि पुस्तकी मंडळींनी पुढे वेळ अमावास्या. आंबील, भज्जी आणि भाकरी यांच्यासमवेत तो या वेळी मायक्रोफोनही शेतात नेणार आहे. थंडीत तेथे वारा फार असतो. त्याची घरघर मुद्रणात येईल अशी त्याला धास्ती वाटते, म्हणून मायक्रोफोनला गुंडाळावयास त्याने आजीकडे लोकरीच्या मफलरचा तुकडा मागितला आहे. आजी म्हणते, तुकडा मिळणार नाही, अख्खा ने आणि परत आण.