गृहव्यवहार : लॅपटॉपला जोड पडदा

एकत्र कुटुंबांत एकच लॅपटॉप दिवसां कचेरीच्या कामास व रात्रीं मुलांच्या अभ्यासास लागतो. त्याच्या लहान पडद्यापुढें तासन् तास मान वांकवून बसणें प्रकृतीस हितावह नाहीं. म्हणून बेताच्या खर्चांत मॉनिटर घेणें ही चैन नव्हे.

मात्र नुसत्या मोठेपणास भुलूं नये. १९२० × १०८० ठिपक्यांचा पडदा २४ इंची असल्यास इंचास सुमारें ९२ ठिपके पडतात. तोच २७ इंची झाला कीं ८२ उरतात, व अक्षरें भरड दिसूं लागतात. अधिक पैसे देऊन अक्षर बिघडवून घेण्यांत काय शहाणपण? पडदा ‘आयपीएस’ जातीचा असावा. म्हणजे बाजूस बसलेल्यासही रंग बदललेले दिसत नाहींत. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असल्यास जोडणी सोपी; प्रत्येक यूएसबी-सी पोर्टांतून चित्र जातेंच असें नाहीं.

उंची बदलणारा स्टँड महाग पडल्यास खालीं लांकडी पाट ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत आणावी.

पैसे मोजण्यापूर्वीं दुकानांतच मराठी मजकुराचें एक पान वाचून पाहावें. मात्रा-अनुस्वार स्पष्ट दिसले, तर तो पडदा घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांसही मानवेल.